रिपोर्टमधली 'आर'ची रांग

संपादक साहेब,
मागे वडील आयसीयूत होते तेव्हा त्यांचा युरीन कल्चरचा (लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध चालेल ते बघतात, त्याचा) रिपोर्ट हातात आला, औषधांच्या नावापुढे नुसती 'आर'ची रांग, आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही, आणि 'एस', म्हणजे औषध लागू पडेल, फक्त दोन ठिकाणी. आपण सरसकट म्हणतो की शरीराला औषधाची सवय झाली, पण तसं नसतं हो, बदलतात ते जंतू. त्यांच्याकडे प्लाझमिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा असतो, त्यावर हे रेझिस्टन्सचे जीन बसलेले, आणि एक जंतू शेजारच्याला त्याची कॉपी चक्क देऊन टाकतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी! म्हणजे ई. कोलाय या जंतूकडचा जीन क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूकडे. एनडीएम-१ हा जीन असलाच ('एनडी' म्हणजे न्यू दिल्ली), २००८ मध्ये एका पेशंटच्या क्लेब्सिएलात सापडला, त्याचं एन्झाइम कार्बापेनेमसारखी राखीव औषधंच तोडतं. (नावात दिल्ली का यावरच आपण जास्त भांडलो.) मग २०१५ मध्ये कोलिस्टिन या आणखी एका राखीव औषधाला न जुमानणारा एमसीआर-१ हा जीन पण जाहीर झाला.

आणि हे जंतू एका बेडवरून दुसऱ्यावर जातात ते बऱ्याचदा हातांवरून. वडिलांच्या बेडला सॅनिटायझरची बाटली अडकवलेली होती, तीन दिवस रिकामीच. दोनदा सांगितलं तरी सिस्टर म्हणाल्या, स्टोअरला कळवलंय.

– एका पेशंटचा मुलगा