बाबांच्या ट्रंकेत फिनेल कोणी ठेवलं?

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय
(हे पत्र आपल्यापर्यंत पोचेल त्या दिवशी उच्च शिक्षणाचं खातं ज्यांच्याकडे असेल ते),
गोवा राज्य.

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी पोस्टमनने माहिती हक्काच्या अर्जाचं उत्तर हातात ठेवलं. दीड ओळीचं. ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ खाली सही आणि शिक्का. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे, उत्तर एकोणतिसाव्या दिवशी निघालं. वक्तशीरपणाबद्दल आभार.

मी विचारलं होतं एवढंच, की २०१८ साली माझ्या वडिलांच्या कागदपत्रांनी भरलेली ट्रंक मी एका अनुदानित कॉलेजाला दिली, ती आज कुठे आहे? कॉलेजाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आपण चौकशी समिती नेमाल, समिती चहा घेईल आणि ठपका रोजंदारीवरच्या एखाद्या शिपायावर येईल. त्याची बायको माझी विद्यार्थिनी असण्याची शक्यता आहे. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे, साहेब.

ट्रंकेत काय होतं ते ऐका. १९६१च्या डिसेंबरात पोर्तुगीज गेले तेव्हा बाबा एकवीस वर्षांचे होते. १९६२ला पणजीत आणि मडगावात कॉलेजं निघाली आणि बाबा पहिल्याच तुकड्यांत जाऊन बसले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या पणजीतल्या पदव्युत्तर केंद्रात एम.ए. केलं. गोव्याचं स्वतःचं विद्यापीठ व्हायला अजून वेळ होता. त्याचा कायदा १९८४चा आणि कारभार सुरू झाला १ जून १९८५ला. म्हणजे तेवीस वर्षं गोव्याची पोरं मुंबईच्या परीक्षा देत होती आणि मुंबईच्या पदव्या भिंतीवर टांगत होती. या तेवीस वर्षांचा कागद मुंबईलाही आपला वाटत नाही आणि ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठालाही. तो उरलाय घराघरांच्या माळ्यांवर. आमच्या माळ्यावर होता तो बाबांनी ट्रंकेत भरला: प्रश्नपत्रिका, सायक्लोस्टाइल नोट्स, मुलांनी हाताने लिहिलेली भित्तिपत्रकं, स्नेहसंमेलनांचे फोटो, प्राध्यापकांची पत्रं.

आणि पत्रकं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, त्या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाची दोन्ही बाजूंची, विलीनीकरणाच्या फूलवाल्यांची आणि वेगळ्या गोव्याच्या दोन पानंवाल्यांचीही. बाबा फुलाचे. ३४,०२१ मतांनी हरले, आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत असं आई सांगायची. पण दोन पानांची पत्रकं त्यांनी तितक्याच निगुतीने घडी घालून ठेवली. विद्यार्थ्यांना बसमध्ये अर्धं तिकीट मिळावं म्हणून झालेल्या १९७९च्या आंदोलनाची पत्रकंही होती. आज सरकारी कदंब बसमध्ये सवलतीचा पास दाखवणाऱ्या पोराला विचारा, हा पास कोणी लाठ्या खाऊन मिळवला. त्याला ठाऊक नाही. ठाऊक कुठून असणार?

ही ट्रंक आमच्या माशेलच्या घरात सुखाने राहिली असं समजू नका. गोव्याचा पाऊस आपल्याला माहीत आहेच, तीन-तीन मीटर पडतो. दर मे महिन्यात, मृगाच्या आधी, मी एकेक पुडकं बाहेर काढून सावलीत वारा दिला आहे. उन्हात नाही, उन्हाने कागद ठिसूळ होतो. गंजलेल्या टाचण्या काढून सुती दोऱ्याने बांधलं, कारण गंज कागदाला भोक पाडून पलीकडच्या पानावर जातो. कसर झटकली. कडुनिंबाची पानं बदलली. बायको म्हणायची, माझ्या साड्यांना एवढी माया नाही लावलीत कधी. थोरला भाऊ म्हणाला, रद्दीत घाल. त्यावरून आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी नुसत्या फोटोंचे बरे पैसे देत होता. त्याला मी दारातून परत पाठवला. आज मधुमेह आहे, गुडघा गेलाय, आणि रात्री झोप लागत नाही ती गुडघ्यामुळे नव्हे.

कॉलेजाने मोठा कार्यक्रम केला. शाल, नारळ, माझ्या हातात माईक. व्यासपीठावरून शब्द दिला, ‘पावसाळा संपला की स्वतंत्र दालन उघडू, मास्तरांचं नाव देऊ.’ कोणता पावसाळा, ते विचारायचं राहिलं. लेटरहेडच्या अर्ध्या पानावर पोच मिळाली, तारीख आणि शिक्क्यासकट. ती माझ्याकडे आहे. त्यांच्या अभिलेखात नसली तरी माझ्या अभिलेखात आहे.

बुधवारी मी स्वतः गेलो. ट्रंक सापडली, साहेब. जिन्याखाली होती. हिरवा पत्रा, बाबांनी पांढऱ्या रंगाने घातलेलं नाव, कडी तुटलेली. उघडली तर आत फिनेलच्या सहा बाटल्या, पोछा आणि खराट्याचं मुंडकं. झाकणाच्या आत बाबांनी खळीने चिकटवलेली यादी मात्र जशीच्या तशी. त्रेचाळीस नोंदी. ‘१७. अर्धं तिकीट, पत्रकं, नग ९’ हे अक्षर ओल येऊनही वाचता आलं. तिथली मुलगी चांगली होती, खुर्ची दिली. म्हणाली, ‘काका, ही ट्रंक आम्ही लागलो तेव्हापासून अशीच आहे. नॅकची समिती कॉलेजाला श्रेणी द्यायला यायची होती म्हणून साफसफाई झाली, तेव्हा काय ते गेलं असेल.’ ग्रंथपालाची जागा रिकामी आहे, चार्ज क्रीडाशिक्षकांकडे. तेही भले गृहस्थ. बॅडमिंटनच्या रॅकेटांची नोंदवही त्यांनी अगदी चोख ठेवली आहे, मी पाहिली.

इथे माझं डोकं फिरलं. रॅकेटची नोंद असते, कारण ऑडिट रॅकेट मोजतं. ट्रंक कोणी मोजत नाही. वाळवीला, पावसाला, बुरशीला उगाच शिव्या देतो आपण. वाळवीला निदान भूक तरी असते. इथे कागद गेला, कारण तो गेला याबद्दल कोणालाच जाब द्यावा लागत नाही.

आणि हा प्रदेश कोणता? जिथलं पुराभिलेखागार १५९५चं आहे, दियोगु दो कोतु त्याचा पहिला रखवालदार. जिथे १५५६ला छापखाना आला. जिथलं सार्वजनिक ग्रंथालय १८३२चं. आणि जिथे फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं, तरी त्या छापील प्रतींतली एकही आज सापडत नाही. ते वाचलं हाताने नकलून ठेवणाऱ्या माणसांमुळे. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी पुराभिलेखागारात आयुष्य घातलं, त्यांचा संग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. नावाच्या माणसाचं जमतं. माशेलच्या मास्तराचं जिन्याखाली जातं.

१८४२ला सुरू झालेल्या वैद्यक शाळेची मांडवीकाठची वास्तू २००४पासून सिनेमावाल्यांच्या कामी येते. येऊ दे, दिवे छान लावतात. समोर नदीत कॅसिनोंचे दिवे. त्यातल्या एका जहाजाच्या एका रात्रीच्या गल्ल्यात दहा अभिलेखपालांचा वर्षाचा पगार निघेल, पैज लावतो. राजधानी स्मार्ट करायला रस्ते खणता, ‘वारसा’ म्हणून भिंती रंगवता, भाषणात ‘समृद्ध परंपरा’ म्हणता. आणि आम्ही? मराठी की कोकणी म्हटलं की अर्ध्या रात्री मोर्चाला हजर. बाबांच्या ट्रंकेत दोन्ही होत्या, दोन्ही एकाच झाडूने गेल्या. ट्रंकेसाठी कोण मोर्चा काढणार? मीही काढला नसता, बाप माझा नसता तर.

स्कॅनिंगचं सांगू नका, पाया पडतो. स्कॅन केलेली हार्ड डिस्क कोणत्या ड्रॉवरात आहे हे विचारायला पुन्हा माहिती हक्काचा अर्ज करायची ताकद माझ्यात नाही.

मागणं फार नाही. अनुदान देताना अट घाला, की कोणाचे कागद स्वीकारले तर त्याच दिवशी दाखल नोंदवहीत नगवार नोंद आणि सहीची प्रत देणाऱ्याला. वर्षातून एकदा ते नग मोजायचे, रॅकेटांसारखे. आणि दर कॉलेजाला नको, पण दोन-तीन तालुक्यांना मिळून शिकलेला, कायम नोकरीतला एक अभिलेखपाल द्या. खोली तळमजल्यावर नको. शेजारी संडास नको.

बाबांचे कागद परत येणार नाहीत, ते मी धरूनच चाललो आहे. पण ती ट्रंक मला हवी आहे. येत्या सोमवारी सकाळी दहाला टेम्पो घेऊन त्या कॉलेजात जाणार आहे. अभिलेखात नसलेली वस्तू बाहेर न्यायला कोणाची परवानगी लागते, तेवढं आपल्या खात्याकडून लेखी कळवावं. फिनेलच्या बाटल्या मी मोजून, पोच घेऊन परत करीन.

आपला,
माशेलचा एक निवृत्त मास्तर