दिल्यास, तुझ्या बाबांच्या एक्स-रेवरून

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिल्या,

दीड वर्ष झालं तुला धड काही लिहून. तुझे तीन मेसेज आले, मी तिन्हींना नुसता अंगठा पाठवला. शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे, मग पुढे वाच. माझी शुगर ताब्यात, गुडघा तसाच, मेधा मजेत.

लिहायला बसलो कारण गुरुवारी जे झालं ते मेधालाही नीट सांगता आलं नाही. तिला प्रसंग कळला, पण २००३च्या पावसाळ्यात ती तुमच्या घरी नव्हती. मी होतो. तू पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढलीस, खाणीत राबलेल्या बाबांचा जुना एक्स-रे काढलास आणि खिडकीच्या उजेडात धरलास. आपण मेडिकलच्या थर्ड इयरला. फुप्फुसांच्या वरच्या भागात ते पांढरे गोळे, आणि सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरच्या हातचा एकच शब्द: दमा.

दिल्या, तो शब्द या वेळी मी लिहिला.

त्याचं नाव बॉबी समज. वय ४२. इथे व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत रूफ बोल्टर, म्हणजे बोगद्याच्या छतात भोकं पाडून लांब लोखंडी बोल्ट बसवायचे, वरचा खडक खाली येऊ नये म्हणून. एकोणीस वर्षं हेच काम. चार वर्षांपूर्वी खोकला घेऊन माझ्याकडे आला. सिगारेट ओढायचा. मी छाती तपासली, नळीत फुंकर मारून घेतली, दमा लिहिलं आणि पंप दिला. दोन वर्षांपूर्वी निमोनिया झाला तेव्हा इमर्जन्सीत एक्स-रे निघाला. रिपोर्टात ‘जुन्या संसर्गाचे व्रण’ असं होतं. इथल्या मातीतल्या एका बुरशीने असे व्रण पुष्कळांच्या छातीत असतात, म्हणून मी रिपोर्ट वाचून सही केली. फिल्म उघडली नाही. एका क्लिकचं काम होतं.

गुरुवारी आला तेव्हा दारापासून खुर्चीपर्यंत दोनदा थांबला. बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, खांदे वर उचललेले. तुझे बाबा ओट्यावर बसायचे तस्सा. मनगटावर बारीक निळे ठिपके, जखमेत कोळशाची कच राहून कातडी वरून भरून आलेली. रात्री कसा झोपतोस म्हटलं, तर म्हणाला वर्षभर पलंगावर पाठ टेकलेली नाही, आरामखुर्चीतच झोपतो. त्याच दुपारी सीटी केला. दोन्हीकडे गोळे, उजवा लिंबापेक्षा मोठा. मग मी ती दोन वर्षांपूर्वीची फिल्म उघडली. तिथेही होते. लहान होते, पण होते.

तुझे बाबा तेव्हा अठ्ठावन्नचे होते, आणि माझ्या डोक्यात काळं फुप्फुस, म्हणजे खाणीच्या धुळीचा हा आजार, म्हाताऱ्यांचाच होता. खरं म्हणजे तो तसा राहिलेला नाही हे इथे राहणाऱ्या डॉक्टरने जाणायला हवं होतं. या डोंगरांतले कोळशाचे जाड थर केव्हाच उकरून झालेत. आता कमरेएवढ्या थरासाठी वरखालचा खडकही कापावा लागतो आणि त्या खडकात सिलिका असते, तिची धूळ फुप्फुसाला कोळशाच्या धुळीपेक्षा घातक. बोल्टरवाला तर दिवसभर खडकातच भोकं पाडतो. २०१८मध्ये सरकारी संस्थेच्या अभ्यासात निघालं की मध्य ॲपलाचियात, म्हणजे आमच्या या डोंगरपट्ट्यात, पंचवीस वर्षं खाणीत काढलेल्या पाचांतल्या एकाला काळं फुप्फुस आहे. त्याच वर्षी आमच्या या कोपऱ्यातल्या, नैऋत्य व्हर्जिनियातल्या, फक्त तीन क्लिनिकांत आजाराच्या शेवटच्या टप्प्याचे ४१६ रोगी मोजले गेले. ४१६! मी हा आकडा विद्यार्थ्यांना सांगतो बे. स्लाइड आहे माझ्याकडे.

सिलिकाने माणूस मरतो हे या डोंगरांना नव्याने कळायचं नव्हतं. १९३०-३१मध्ये इथून काही तासांवर हॉक्स नेस्टचा बोगदा खणला तेव्हा कोरड्या ड्रिलने खडक फोडला. तिथे शेकड्यांनी मजूर मेले, बहुतेक दक्षिणेतून कामाला आलेले काळे. १९६८ला फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण गेले, पुढच्या वर्षी पश्चिम व्हर्जिनियाच्या खाणकामगारांनी या आजारासाठीच संप केला, मग कायदा आला. त्या कायद्याने कोळशाची धूळ मोजली, सिलिकेची मर्यादा मात्र ढिली राहिली. ती निम्म्यावर आणणारा नियम निघाला २०२४च्या एप्रिलमध्ये. कोळसा खाणींना या एप्रिलपासून लागू व्हायचा होता, ऐन वेळी पुढे ढकलला. त्याच एप्रिलमध्ये कामगारांचे एक्स-रे वाचणाऱ्या सरकारी ऑफिसातली माणसंच काढून टाकली. एका खाणकामगाराने कोर्टात धाव घेतली तेव्हा त्यांना परत घ्यायचा हुकूम झाला.

आणि कामावर असलेला माणूस फुकटच्या तपासणीच्या गाडीपाशी जातही नाही. छातीत डाग निघाला हे मुकादमाला कळलं तर काय, ही भीती. बॉबीही गेला नव्हता. माझ्याकडे आला, कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता.

हे तुला समजावून सांगायला हवं. त्याचा धाकटा भाऊ वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने गेला. ऑक्सिकॉन्टिन ही तसली गोळी १९९६ला बाजारात आली, हिचं व्यसन फारसं लागत नाही असं डॉक्टरांना पटवून विकली. २००७मध्ये ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने गुन्हा कबूल केला तो इथल्याच ॲबिंग्डनच्या कोर्टात. पश्चिम व्हर्जिनियात कर्मिट म्हणून गाव आहे, वस्ती चारशेची. तिथल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत तशाच दुसऱ्या एका औषधाच्या, हायड्रोकोडोनच्या, जवळजवळ ९० लाख गोळ्या आल्या. त्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आपल्यासारख्यांनीच लिहिल्या होत्या. भावाची दोन पोरं आता आजीकडे आहेत, इथे तिला मॅमॉ म्हणतात. अशा घरातला माणूस पांढऱ्या कोटाला भुलत नाही. मला बॉबीने दोन वर्षं नुसतं ‘येस सर, नो सर’ केलं. मग एक दिवस माझ्या टेबलावर घरच्या शेंगांची पिशवी ठेवली आणि म्हणाला, डॉक, तुमच्यात या कशा करतात? मी म्हटलं, फोडणीला घालून, वर भरपूर सांबार. आणि मग त्याला समजावत बसलो की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. पक्याने पुण्याच्या हॉटेलात वेटरशी जे भांडण केलं होतं ते सगळं सांगितलं. इतका हसला की खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. ती उबळसुद्धा मी दम्याचीच धरली.

तो रात्री काय जेवतो ठाऊक आहे? मक्याच्या पिठाचा पाव पेल्यात कुस्करून, वर गार दूध, आणि चमच्याने. त्याचा आजा असंच जेवायचा म्हणे. तुझे बाबा दुधात भाकरी कुस्करायचे आणि मला म्हणायचे, डॉक्टरसाहेब, दात शाबूत असतानाच हिची सवय लावा. मला ते आठवलं आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही.

आता आपलं जुनं भांडण. बाबांच्या तेराव्याला तो दमा लिहिणारा डॉक्टर दारात आला होता. तू त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस. परतीच्या एसटीत मी म्हणालो, ‘त्याला बिचाऱ्याला काय माहीत असणार, रोज दीडशे पेशंट बघतो.’ तू वरोरा स्टँडला उतरून गेलास आणि चार महिने माझ्याशी बोलला नाहीस. मेसच्या टेबलावर मधे बोबड्याला बसवायचास, तो बापडा दोघांना मीठ पास करून थकला. तेव्हा मला वाटायचं दिल्या अती करतोय. परवापासून मला ते वाक्य परत घ्यायचंय. त्याला माहीत असायला हवं होतं. कॉलनीतला निम्मा पेशंट खाणीतला होता, त्याने एक प्रश्न विचारायला हवा होता. मीही विचारला असता तर तेवढ्यावर भागत होतं: काम काय करतोस, दगड किती कापतोस?

आणि ते दुसरं भांडण, २०१४चं. इथे यायचं ठरलं तेव्हा मी सांगितलं होतं की जे-१ व्हिसावर शिकलेल्या डॉक्टरला मायदेशी न परतता अमेरिकेतच राहायचं तर अट आहे, जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा जागी तीन वर्षं काढायची. तू म्हणालास, डॉक्टर टिकत नाहीत अशी जागा शोधायला सातासमुद्रापार कशाला जातोस, धानोऱ्याची बस पकड. तीनाची अकरा झाली. मेधाला शार्लट शहरात जायचंय, मलाही यायची ऑफर आहे, एप्रिलपर्यंत कळवायचंय. आमच्या शेजारच्या काउंटीचं हॉस्पिटल २०१३ला बंद पडलं ते २०२१ला उघडलं. आठ वर्षं लोक छातीत कळ आली की डोंगर ओलांडून जायचे. पूर्वी तर जत्रेच्या मैदानावर वर्षातून एकदा फुकट शिबिर लागायचं आणि लोक दात काढून घ्यायला आदल्या रात्री गाडीत झोपून नंबर लावायचे. २०१९ला मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, वाढलं तेव्हा जरा श्वास मिळाला. या जुलैच्या कायद्याने ते पुन्हा कापायला घेतलंय. अशात मी जाऊ का, हा एक घोर आहेच. पण गुरुवारपासून तो मागे पडलाय.

बॉबीला भरपाई मिळेल. असे मोठे गोळे असले की कायद्याने तो पूर्ण अपंग धरला जातो. एकट्या माणसाला महिन्याला आठशे डॉलरच्या आसपास, वर औषधपाण्याचं कार्ड. पण खाण कंपन्यांचे वकील एकेक दावा वर्षानुवर्षं लढवतात. त्याचा पोरगा एकोणीसचा. त्याला खाणीत जायचंय, कारण इथे खाण सोडली तर तुरुंगाची नोकरी, हॉस्पिटल, नाहीतर स्वस्त मालाचं ‘डॉलर’ दुकान, आणि पगार खाणीचाच बरा. बापाने परवा माझ्यासमोर त्याला फोन लावला आणि फक्त इतकं म्हणाला, ‘मी घरी आल्यावर बोलू.’

सीटीत काय आहे ते मी बॉबीला सांगितलं. फुप्फुस बदलायच्या तपासणीसाठी मोठ्या हॉस्पिटलला कागद पाठवले. दोन वर्षांपूर्वीची फिल्म मात्र मी त्याला दाखवली नाही. इथल्या एका वरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, जपून बोल, लेखी काही देऊ नकोस. त्या दोन वर्षांत तो रोज खाली उतरत होता, दिल्या. मी फिल्म पाहिली असती तर त्याच आठवड्यात बाहेर काढला असता. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण एवढं गेलं नसतं.

सांगायचं मी ठरवलंय. वकील काय म्हणतो ते नंतर. पण तुला एक विचारायचंय, आणि हे जगात फक्त तुलाच विचारता येतं. त्या दिवशी तो डॉक्टर दारात आला तेव्हा त्याने ‘माझं चुकलं’ म्हटलं असतं, तर तू त्याला आत घेतलं असतंस का? तो म्हणाला होता ‘देवाची मर्जी’. मी तुझ्या मागेच उभा होतो, मी ऐकलंय. त्याने काय बोलायला हवं होतं? की न येणंच बरं होतं?

खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस.

चिनूच्या नीटचं काय झालं? वहिनींचं थायरॉईड? तुझ्या केंद्राची गाडी दुरुस्त झाली की अजून ट्रॅक्टरवरच बाळंतिणी आणतोस? आईंना नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

बॉबी येत्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला येतोय, बायकोला घेऊन. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे पावणेसात असतील. त्याआधी फोन कर, कितीही वाजता.

तुझा,
सुध्या