चार ओळींत उरकलेला संकासुर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या दशावतारी नाटकात संकासुर या विनोदी राक्षसाचे काम करणाऱ्या आमच्या लाडक्या कलाकाराच्या निधनाची बातमी काल आपल्या अंकात वाचली. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळी. त्याच पानाचा वरचा अर्धा भाग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरलेला. जाहिरातींशिवाय वर्तमानपत्र चालत नाही, हे मला कळते. पण चारच ओळी द्यायच्या होत्या, तर त्या तरी नीट द्यायच्या होत्या. ‘विनोदी भूमिका करणारे दशावतारी कलाकार’ एवढ्यावर आपण त्यांना उरकलेत. गाण्याचा उल्लेख नाही, पेटीचा नाही. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या जत्रांत रात्र जागवलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

विनोद करणारे पुष्कळ आहेत. या माणसाचा विनोद सुरात होता. आधी काही वर्षे ते पायपेटीवर, म्हणजे पायाने भाता हलवायच्या हार्मोनियमवर, बसत; संकासुराचे काम पुढे अंगावर आले. काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ, आणि नाटकातल्या भटजीच्या मंत्राला किंचित उतरलेल्या सुरात साथ. पेटी एकीकडे, हे एकीकडे. वर दम भटजीलाच: ‘‘रे भटा, तुझो मंत्र बेसूर जाता, आधी पेटयेक नमस्कार कर!’’ असे ठरवून, हवे तेवढेच बेसूर व्हायला गळा किती सुरात असावा लागतो, ते कोणत्याही गाणाऱ्याला विचारा.

एका जत्रेत मध्यरात्रीनंतर वीज गेली. जनरेटर सुरू होईना, माइक बंद, पोरे रडायला लागली, बायका चटया गुंडाळू लागल्या. खाज्याच्या दुकानातून कोणीतरी गॅसबत्ती आणून ठेवली. संकासुराने पखवाजवाल्याला ठेका धरायला सांगितला आणि भटजीचा मंत्र मैफलीतल्या गवयासारखा आळवायला घेतला. मोठी तान घ्यायची, समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर यायचे आणि एक मात्रा आधी गप्प बसायचे. पखवाजाची थाप एकटीच पडायची. दोनदा झाले, तीनदा झाले. चौथ्या वेळी अख्ख्या मंडपाने समेवर टाळी दिली. जन्मात तबल्याचा बोल न शिकलेल्या माणसांना त्या रात्री सम कळली. हसता हसता माझे डोळे भरून आले होते. काल बातमी वाचताना हेच आठवत होते, म्हणून हे पत्र.

वय ४४. कार्तिकापासून रोज हाच क्रम: पालखीची प्रदक्षिणा झाली की नाटक, पहाटे दहीकाला, मग टेम्पोत पेटाऱ्यांवर अंग टाकून पुढचे गाव. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला वेळकाळ कुठला? शासनाचे ज्येष्ठ कलावंतांचे मानधन महिना ५ हजार रुपये आहे, पण त्याला पन्नाशी पूर्ण लागते. रात्री जागून शरीर झिजवणाऱ्या माणसांनी पन्नाशी कशी गाठायची, यावर आपण अग्रलेख लिहा. मालवणी नाटकांचे नट मच्छिंद्र कांबळी २००७ मध्ये गेले तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, आणि ते योग्यच होते. त्यांची मालवणी मुंबईने ऐकली होती. ज्याची मालवणी फक्त जत्रेने ऐकली, त्याच्यासाठी निदान जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने हळहळावे.

जत्रा कमिट्यांनाही एक सांगायचे आहे. ट्रिकसीनच्या, म्हणजे धूर-दिव्यांच्या करामतींच्या, हट्टापायी आडदशावतार हा नाटकाचा सुरुवातीचा भाग दहा मिनिटांत गुंडाळता किंवा थेट आख्यानच, म्हणजे मुख्य पौराणिक कथाच, सुरू करायला लावता. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, संकासुर हे सगळे आडदशावतारातच येतात. तो भाग कापलात तर असा गायक पुन्हा उभा कुठे राहणार? धूर आणि रंगीत दिवे पाहायला लोक दुसरीकडे जाऊ शकतात.

त्यांची पदे कुठे लिहिलेली नाहीत, सगळे रंगमंचावरच जुळायचे. त्यांच्या पखवाजवाल्याला त्यातली बरीच पाठ आहेत. आपला वार्ताहर त्यांच्याकडे पाठवा, पदे लिहून घ्या, रविवारच्या पुरवणीत पूर्ण पान द्या. हंगाम चालू आहे, मंडळी सकाळी झोपलेली असतात, तेव्हा दुपारनंतर पाठवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग