कोर्टाची तारीख आणि बंड्याचा चष्मा

डॅलस, १४ मार्च

प्रिय सुमन,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण कोर्टाची तारीख होती. दचकू नकोस, खटला माझ्यावर नाही!

गेल्या वर्षापासून मी इथे ‘कासा’चं, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या मुलांच्या कैवाऱ्याचं काम करते. आईबापांनी मारलं किंवा आबाळ केली म्हणून सरकार मुलांना घरातून काढून फॉस्टर घरांत, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवतं. अशा मुलासाठी कोर्ट एक साधा माणूस नेमतं, वकील नव्हे आणि पगारीही नव्हे. मुलाला नेमाने भेटायचं, शाळेत, डॉक्टरकडे, नातेवाइकांकडे चौकशी करायची आणि दिसलं ते जजला लिहून द्यायचं. अपुऱ्या माहितीवर मुलांचे निकाल देताना सिएटलचा जज डेव्हिड सूकप अस्वस्थ व्हायचा, त्याने १९७७ मध्ये हे सुरू केलं. स्वयंसेवक गोळा करायला जेवणाच्या सुट्टीत लोकांना बोलावलं, तर पन्नासएक जण आले म्हणे.

मला तीस तास शिकवलं, माझी पोलिसी चौकशी झाली, मग जजसमोर हात वर करून शपथ. म्हणून पोराचं नाव-गाव तुलाही सांगता येत नाही. आपण त्याला बंड्या म्हणू. वय आठ.

पहिल्यांदा भेटले तेव्हा तो चौथ्या घरात होता. सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, अजून न सोडलेलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्षच नसतं त्याचं. मी त्याच्याशेजारी बसले तर पोरगं पुस्तक नाकाला लावून वाचत होतं. चष्मा दुसऱ्या घरी राहिला होता, सुमन! केसवर्करला, म्हणजे त्याची केस सांभाळणाऱ्या बाईला, वाटलं फॉस्टर आई करून घेईल, तिला वाटलं केसवर्कर, आणि शाळेला चष्मा होता हेच ठाऊक नव्हतं. केसवर्करवर मी रागावले खरी, पण ती बिचारी किती मुलांमागे धावत असते ते मी पाहिलंय. मी अहवालात दोन ओळी लिहिल्या. जजबाईंनी भर कोर्टात विचारलं, “चष्मा कुठे आहे?” दहा दिवसांत आला.

आईचं प्रकरण इतकं सोपं नाही. मनात तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करूनच मी गेले होते. दोन भेटी चुकवल्या म्हणजे पोटच्या पोराची फिकीर नाही, असं माझं गणित. मग कळलं, भेटीची जागा दुसऱ्या गावात, बस दोनदा बदलून अडीच तास, आणि कामावर सुट्टी मागितली की पगार कापतात. इथल्या बहुतेक केसेस मारहाणीच्या नाहीत, आबाळीच्या असतात. त्यात गरिबी किती आणि दुर्लक्ष किती, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. पण नशेपायी तिने पोराला दोन रात्री एकटं टाकलं होतं, हेही खरं. मी दोन्ही लिहिलं.

टेक्सासच्या कायद्यात अशा केसला वर्षाची मुदत, अडलंच तर आणखी १८० दिवस. तोवर आई सुधारली तर घर, नाहीतर तिचा मुलावरचा हक्कच कायमचा जाऊ शकतो. व्यसनाला कुठलं कॅलेंडर कळतं गं? पण आठ वर्षांच्या पोराने तरी किती वाट पाहायची?

बंड्या विचारतो, “जजला सांगितलंस ना, मला आईकडे जायचंय?” सांगितलं. त्याचा वकील त्याची इच्छा मांडतो, मला मात्र त्याच्या हिताचं काय ते लिहायचं असतं. या वेळी मी लिहिलं, आईला अजून वेळ द्या, पण पोराला इतक्यात घरी पाठवू नका. ते वाक्य लिहायला मला तीन रात्री लागल्या.

त्याला घरी आणून वरणभात खाऊ घालावा असं फार वाटतं, पण घरी न्यायला मनाई आहे, महागडी भेट द्यायलाही. म्हणून मी पत्ते नेते. भिकार-सावकार शिकवलाय. त्याला ‘भिकार’ म्हणता येत नाही, ‘बिकार’ म्हणतो, आणि हरला की माझेच पत्ते मोजायला घेतो. चष्म्यामुळे आता लबाडीही लगेच पकडतो.

गुरुवारी परत भेट आहे. पुढची तारीख मे महिन्यात. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझीच,
मंगल