पट्टे नसलेली ती मादी नव्हे!

महोदय,

कालच्या अंकातील पाहुण्या हंसांवरचा पानभर लेख वाचला. छायाचित्रे सुरेख. पण ‘डोक्यावर पट्टे तो नर, पट्टे नसलेली मादी’ हा शोध कुणाचा? लेखातल्या या हंसात, म्हणजे पट्टकदंबात, नर-मादी दिसायला सारखेच. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे दोघांनाही असतात. नसतात ते त्याच वर्षीच्या पिल्लांना. त्यांचा माथा आणि मानेची मागची बाजू नुसती गडद तपकिरी.

एवढ्या ठामपणे सांगतो, कारण याच खड्ड्यात मीही पडलो आहे. काही वर्षांपूर्वी भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, बिनपट्ट्यांचे तीन पक्षी दिसले आणि ‘हे कलहंस!’ (म्हणजे हंसांची दुसरीच जात) असे मी होडीतल्या सगळ्यांना ठणकावून सांगितले. नावाडी शांतपणे म्हणाला, “कलहंसाची चोच गुलाबी असती, साहेब. ही पिवळी हाय. पोरं हायेत ती, आईबापाला सोडीत न्हाईत.” खरोखरच दोन पट्टेवाले हातभर अंतरावर चरत होते. उरलेला वेळ मी दुर्बिणीची काच पुसत बसलो. तुमच्या लेखकाला असा नावाडी भेटो.

‘सैबेरियाचे पाहुणे’ हे तर दरवर्षीचेच. हिवाळ्यात पाण्यावर जे उतरेल ते तुमच्या लेखी सैबेरियाचे! पट्टकदंबाची वीण होते मंगोलियात, तिबेटात, किर्गिझस्तानात आणि आपल्या लडाखमध्येही. तिथल्या त्सो मोरिरी सरोवराच्या काठी अंड्यातून निघालेल्याला परदेशी म्हणायचे असेल तर प्रश्नच मिटला. एव्हरेस्टवरून उड्डाणाची कथाही जरा आवरा. अंगावर यंत्र बसवून माग काढला तेव्हा सर्वाधिक उंची भरली ती सुमारे ७,२९० मीटर. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे. हा पक्षी शक्यतो डोंगराच्या चढउताराला धरून उडतो, तेही बरेचदा रात्री, हवा थंड आणि दाट असताना. विरळ हवेतला प्राणवायू घट्ट पकडणारे रक्त त्याला लाभले आहे, हे नवल काय कमी आहे?

जाता जाता, मुख्य छायाचित्र ‘ड्रोनने टिपलेले’ असल्याचे अभिमानाने छापले आहे. त्यात अख्खा थवा पाण्यावरून उठलेला दिसतो. तो कशामुळे उठला असेल, हे छायाचित्रकाराला विचारावे.

चूक दुरुस्त करणार असाल तर कृपया पहिल्या पानावर. मागच्या खेपेस ती राशिभविष्याखाली सापडली होती.

आपला,
एक जुना वाचक