अडतीस हजारांत कुठे मिळतो, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच २’ या नव्या गेमिंग कन्सोलवर (टीव्हीला जोडून किंवा हातात धरून व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्रावर) अर्धं पान आलं. मराठी वर्तमानपत्रात व्हिडिओ गेमसाठी अर्धं पान, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून वाचायला घेतलं. मधल्या चौकटीपाशी आले आणि डोकंच फिरलं. ठळक अक्षरांत छापलंय, ‘किंमत : सुमारे ३८ हजार रुपये’.

कुठे? कोणत्या दुकानात?

अमेरिकेत तो ४४९.९९ डॉलरला विक्रीला आला. त्या किमतीला डॉलरच्या तेव्हाच्या भावाने गुणलं की अडतीस हजारांच्या आसपासचा आकडा येतो, एवढं गणित कुणालाही जमतं. पण लासलगावच्या कांद्याचा भाव देताना आपण दुबईचा भाव रुपयांत करून छापत नाही, बाजार समितीत काल काय निघाला तो छापता. मग इथे तसं का नाही? हा कन्सोल ५ जून २०२५ ला अमेरिका, जपान, युरोपात विक्रीला आला. भारतात तो अधिकृतपणे आलेलाच नाही. निन्टेन्डोचं इथे ना सेवा केंद्र, ना भारतासाठी ऑनलाइन स्टोअर. पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाख नग खपले, हे लेखात आहे. ‘भारतात मिळत नाही’ हे तीन शब्द मात्र कुठेच नाहीत.

याचा परिणाम काल दुपारीच दिसला. आमच्या शेजाऱ्यांनी मुलाला दहावीच्या मार्कांबद्दल कन्सोल कबूल केलाय. ते कात्रण घेऊनच दारात. म्हणाले, “ताई, पेपरात अडतीस दिलेत, तुम्ही तर साठ म्हणालात.” म्हणजे खोटी मी ठरले.

साठ मी मनाने सांगितले नव्हते. गेल्या आठवड्यात नाशिकच्या एमजी रोडला जाऊन विचारून आले होते. एका दुकानात स्विच २ होता. साठ हजार, रोख, बिल नाही. वॉरंटीचं विचारलं तर “दुकानाची सात दिवस” असं उत्तर. मी डबा हातात घेऊन उलटा केला. वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) नियमांप्रमाणे आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी असावी लागते. त्या डब्यावर यातलं काहीच नव्हतं. ज्या मालावर एमआरपीच नाही, त्याची जादा किंमत घेतली म्हणून तक्रार तरी कशाच्या आधारावर करायची?

मग त्याने दुसरा, स्वस्तातला डबा काढला. “हा घ्या, बेचाळीसला देतो, वस्तू तीच.” वस्तू ती नव्हती. तो जपानच्या देशी बाजारासाठीचा डबा होता, खाली सगळी जपानी अक्षरं. जपानमध्ये निन्टेन्डोने दोन प्रकार काढलेत. एक, विक्रीला आला तेव्हा ४९,९८० येनचा, जो फक्त जपानी भाषेत चालतो आणि ज्याला फक्त जपानचंच खातं जोडता येतं. दुसरा अनेक भाषांचा, तेव्हा ६९,९८० येनचा. स्वस्त डबा घेऊन घरी गेलेल्या माणसाला मेनूतलं एक अक्षर वाचता येणार नाही, आणि भाषा बदलायची सोयच त्यात दिलेली नाही. शेजाऱ्यांसारखा माणूस अडतीसचं कात्रण खिशात घालून गेला, तर बेचाळीसचा डबा त्याला रास्तच वाटणार. तुमच्या चौकटीने त्याला बरोबर त्या डब्यापर्यंत नेऊन सोडलं असतं. लेखात छापायला हवी होती ती ही माहिती.

हे मी एवढं का मनाला लावून घेते, ते सांगते. हा चटका मी एकदा खाल्लेला आहे.

सोनीचा प्लेस्टेशन ५ (पीएस ५) हा कन्सोल जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला. त्याच नोव्हेंबरच्या १० तारखेला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचे नवे कन्सोल जगाबरोबरच भारतातही आले होते, म्हणजे ते अशक्य नव्हतं. तरीही आम्ही थांबलो. १२ जानेवारीला दुपारी बारा वाजता बुकिंग सुरू झालं आणि वेबसाइटवरचा सगळा माल काही मिनिटांत संपला. मला लंच टाइममध्ये फोनवर नुसतं गोल फिरणारं चिन्ह दिसत राहिलं. मी आधीच कॉलेज रोडकडच्या एका दुकानात पाच हजार रुपये अॅडव्हान्स भरून ठेवले होते. कार्बन लावून फाडलेली पावती दिली होती, तिच्यावर बॉलपेनने ‘पीएस ५, १ नग, ४९,९९०’ असं लिहिलेलं. ती पावती आजही माझ्याकडे आहे.

२ फेब्रुवारीला मी आणि माझे वडील दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंही नाही. वडिलांना म्हणाला, “बोला काका, काय दाखवू?” वडील म्हणाले, “घेणारी ती आहे, तिच्याशी बोला.” तेव्हा कुठे माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “मुलासाठी का?” मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यावर तो जे हसला, ते मी विसरलेले नाही. संपादक महोदय, मी नोकरी करते, स्वतःच्या पगारातून वस्तू घेते आणि त्या वस्तूची माहिती त्या दुकानदारापेक्षा मला जास्त होती.

माल आला होता. काउंटरच्या मागे पांढरे-निळे डबे एकावर एक रचलेले समोर दिसत होते. पण बुकिंगवाल्यांना नुसता कन्सोल मिळणार नाही, सोबत दोन गेम आणि एक जादा कंट्रोलर (हातात धरून खेळायचा बटणांचा भाग) घ्यावाच लागेल, अशी अट आयत्या वेळी निघाली. गेम ४,९९९ चा एक, कंट्रोलर ५,९९० चा. सगळं मिळून सहासष्ट हजारांच्या घरात. पावतीवर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण ठरते. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग करा ना तक्रार. बाहेर सत्तरला चाललाय, तुम्हाला काय कळतंय?” आम्ही उभे असतानाच एक जण आला, कागदी पिशवीतून नोटा काढून मोजल्या आणि डबा घेऊन गेला. त्या डब्यावरचा ४९,९९० चा स्टिकर मला उभ्या जागेवरून वाचता येत होता.

कन्सोल तर मिळालाच नाही. भरलेले पाच हजार परत मिळायला गुढीपाडवा उजाडला, तेही वडिलांनी रोज सकाळी फिरायला जाताना दुकानाचं शटर उघडायच्या आधी तिथे जाऊन उभं राहायचं ठरवलं म्हणून. पुढे टंचाई इतकी लांबली की नियमाने, बिलासकट, योग्य भावात घ्यायचा म्हणून मी थांबले, तोवर नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतातली किंमतच ५४,९९० झाली. ज्याने रांग मोडून नोटा मोजल्या, त्याने पावणेदोन वर्षं आधी खेळायला घेतला. ज्यांनी पावती जपली, त्यांना पाच हजार जास्त पडले. याची एक ओळही तेव्हा आपल्या नाशिकच्या पानावर आली नाही. लाँचच्या दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या दुकानाचा फोटो तेवढा आला होता. कालच्या लेखातही बोलणारी सगळी माणसं मुंबईची आहेत. नाशिकच्या पुरवणीत नाशिकचा एकही दुकानदार नाही, एकही खेळणारा नाही.

आता लेख जिथे छापलाय त्या पानाबद्दल. वर ‘बालजगत’ची पट्टी, खाली चित्रं रंगवा. आणि मथळ्यात ‘बच्चेकंपनीचं नवं वेड’. माझे वडील सत्तरीचे आहेत, प्रेसमधून (छापखान्यातून) निवृत्त झाले. मी शाळेत असताना त्यांनी इथल्या शालिमारहून टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आणला होता. ओव्हरटाइम करून आले तरी जेवणानंतर माझ्याबरोबर रणगाड्यांचा गेम खेळायला बसायचे. एकाने वरून येणारे रणगाडे अडवायचे, दुसऱ्याने खाली विटांच्या आड बसलेला गरुड राखायचा. गरुड राखायचं काम त्यांचं. निन्टेन्डोचा मारिओ असल्याच कॅसेटमधून भारतातल्या हजारो घरांत पोहोचला. त्या पिढीला आज चाळिशी लागलीय आणि तिच्या खिशात स्वतःचे पैसे आहेत. निन्टेन्डोला अजून इथे यावंसं वाटत नाही, आणि तुम्हाला आम्ही बच्चेकंपनी वाटतो.

प्लेस्टेशन ५ शेवटी घरी आला तेव्हा वडिलांनी कंट्रोलर हातात घेतला. धनुष्य ताणताना त्याचं मागचं बटण बोटाला खरोखर विरोध करतं, ताण वाढत जातो आणि बाण सुटला की एकदम सैल पडतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. आयुष्यभर यंत्रांवर काम केलेला माणूस, मला म्हणाले, “आत छोटी मोटर आहे, गिअर आहे, तो दांडा अडवतोय.” अगदी तसंच आहे ते. या वस्तूत इंजिनीअरिंग आहे, चित्रकला आहे, संगीत आहे. तिच्यावर लिहायला माणूस बसवलात तर वस्तू पाहिलेला बसवा, एवढंच मागणं आहे.

कारण लेखासोबतचा फोटोही जुन्या स्विचचा आहे. दोन्ही बाजूंना पूर्ण लाल आणि पूर्ण निळे कंट्रोलर असलेला, २०१७ चा. नवा काळा आहे, रंग फक्त स्टिकभोवती आणि आतल्या कडांना आहेत. पडदा ७.९ इंचांचा आहे आणि कंट्रोलर खोबणीत सरकवायचे नसून चुंबकाने बसतात. लेखात मात्र ‘सरकवून बसवा’ असं लिहिलंय. कुठल्याही खेळणाऱ्याला हे एका नजरेत दिसलं असतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आला तोही भारताला वगळूनच. त्यातलं वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतं, त्यांना इथे परवानगी नव्हती. सरकारी धोरणामुळे एक वस्तू देशातल्या ग्राहकाला मिळत नाही, ही पहिल्या पानाची नसली तरी अर्थविषयक पानाची बातमी होती. ती मला आपल्या अंकात सापडली नाही.

तेव्हा विनंती अशी. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापा: स्विच २ भारतात अधिकृतपणे विक्रीला नाही, ३८ हजार हे फक्त डॉलरचं गणित आहे, कंपनीची वॉरंटी इथे मिळणार नाही आणि स्वस्तातला जपानी डबा फक्त जपानी भाषेत चालतो. बिल न देणाऱ्या दुकानाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते, तोही क्रमांक द्या. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा, पण जपानी डब्याचा भाग कापू नका. शेजाऱ्यांना मी पुढच्या रविवारपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

आपली वाचक,
जेल रोड, नाशिक रोड