ग्राफिंग कॅल्क्युलेटर सीमेचे उत्तर चुकीचे देतो, याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी अमळनेर (जि. जळगाव) येथे अकरावी-बारावीला गणित शिकवतो. आपल्या कंपनीचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आमच्या वर्गासाठी पालकांनी वर्गणी काढून घेतला. त्यातले बहुतेक कापूस पिकवणारे आहेत. कापसाचे पैसे हातात आले तेव्हा कुठे ही खरेदी झाली.

शून्यापाशी |क्ष|/क्ष ची सीमा (लिमिट, म्हणजे क्ष शून्याच्या अगदी जवळ जाताना उत्तर ज्या किमतीकडे जाते ती) विचारली की यंत्र १ असे उत्तर देते. |क्ष| म्हणजे क्ष ची चिन्ह सोडून किंमत. डावीकडून शून्याकडे येताना किंमत −१ राहते आणि उजवीकडून येताना +१. दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे ही सीमा अस्तित्वातच नाही. आपण दिशा दिली नाही तर यंत्र परस्पर उजवी बाजू धरते आणि पडद्यावर बाणापुढे नुसता ० दाखवते. त्या शून्याच्या डोक्यावर उजवी बाजू दाखवणारे बारीक + असते, तरी मुलांना उलगडा झाला असता. मी फळ्यावर एक लिहितो, पडदा दुसरेच सांगतो, आणि मुले पडद्यावर विश्वास ठेवतात.

माहितीपुस्तिकेत सीमेचे एकच उदाहरण आहे: (क्ष²−४)/(क्ष−२), २ पाशी, उत्तर ४. इथे दोन्ही बाजूंनी ४ च येते, त्यामुळे दिशेचा प्रश्नच उद्भवत नाही. आलेखात २ पाशी रेघ सलग दिसते, तक्त्यात मात्र तिथेच एरर येते. याचाही खुलासा नाही.

पुस्तिका असेही सांगते की तक्त्यात क्ष जितका लहान घ्याल तितके उत्तर अचूक. हे तर साफ चूक आहे. (१−कोसाइन क्ष)/क्ष² ला रेडियनमध्ये क्ष = ०.०१ घेतल्यावर ०.४९९९९६ च्या आसपास येते, ते बरोबर. खरी सीमा १/२ आहे. पण क्ष = ०.०००००००१ घेतले की यंत्र ० दाखवते. इतक्या लहान कोनाचा कोसाइन यंत्राच्या मर्यादित अंकांत थेट १ होतो आणि वजाबाकीत काहीच उरत नाही. ही मर्यादा कोणत्याही यंत्राला असणारच, पण ती ग्राहकाला सांगायला हवी.

आपल्या हेल्पलाइनने 'रीसेट करून बघा' एवढेच सांगितले. रीसेट केले, उत्तर तेच.

दिशा न दिल्यास दोन्ही बाजू तपासणारे सॉफ्टवेअर अपडेट आणि दुरुस्त पुस्तिका १५ दिवसांत द्यावी, अन्यथा यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत: पावतीची प्रत, पडद्याचे फोटो.

आपला,
गणित शिक्षक, अमळनेर